एकांताला लागणारी माणसं

१९१८ सालच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर सिवर्ड नावाचं एक लहानसं बंदर आहे. तिथं एक अमेरिकन चित्रकार उतरला. वय छत्तीस. सामानात रंग, कॅनव्हास, पुस्तकं आणि एक बासरी. हाताशी आठ वर्षांचा मुलगा. बायको आणि तीन मुली मागं न्यूयॉर्कला राहिल्या होत्या. चित्रकाराचं नाव रॉकवेल केंट. मुलाचं नावही रॉकवेलच.

अलास्का हा मुलूख अमेरिकेनं १८६७ साली रशियाकडून विकत घेतला होता. सोनं सापडेल म्हणून, मासे मिळतील म्हणून माणसं तिकडं जात. चित्रं काढायला आणि तेही लेकराला घेऊन कुणी जात नसे. युरोपात पहिलं महायुद्ध अजून संपलं नव्हतं. अशा वेळी हा माणूस जगाच्या टोकाला जाऊन एका बेटावर राहिला, तिथं जवळजवळ सात महिने काढले, आणि परत आल्यावर १९२० साली त्यानं त्या दिवसांची रोजनिशी पुस्तकरूपानं छापली. ‘वाइल्डरनेस’ हे त्या पुस्तकाचं नाव. रानातल्या एकांतावरचं पुस्तक म्हणून ते आजही वाचलं जातं.

कलावंताला एकांत हवा असतो, असं आपण नेहमी म्हणतो. ते खरंही आहे. पण एकांताच्या गोष्टी सांगताना एक हिशेब आपण मांडत नाही. त्या एकांतात पाणी कोण भरत होतं? लाकडं कोण फोडत होतं? आणि मागं राहिलेल्या घराचं भाडं कोण चुकवत होतं? केंटच्या कुटुंबाची गोष्ट मला आज याच हिशेबासाठी सांगायची आहे.

मूळ गोष्ट अलास्काच्या चार वर्षं आधी सुरू होते. केंटचा जन्म १८८२चा, न्यूयॉर्क राज्यातला. त्यानं वास्तुकलेचं शिक्षण घ्यायला सुरुवात केली, ते अर्धवट सोडलं आणि तो चित्रकलेकडं वळला. पण त्याचे हात नुसते कुंचला धरणारे नव्हते. मेन राज्याच्या किनाऱ्यावर मॉनहेगन नावाचं बेट आहे. तरुणपणी तो तिथं राहिला, सुतारकाम केलं, मासेमारांबरोबर समुद्रात गेला, स्वतःच्या हातानं घर बांधलं. कष्टाचं काम आणि चित्र या दोन गोष्टी त्याच्या लेखी वेगळ्या नव्हत्या. १९०८ साली त्यानं कॅथलीन व्हायटिंग या तरुणीशी लग्न केलं. ॲबट थेअर या नामांकित चित्रकाराची ती भाची. म्हणजे चित्रकाराचं घर कसं असतं, हे तिला अगदीच नवं नव्हतं.

१९१४ साली केंट उत्तरेकडं निघाला. न्यूफाउंडलंड हे बेट आज कॅनडात आहे, पण ते कॅनडात सामील झालं १९४९ साली. त्या वेळी तो ब्रिटिश साम्राज्यातला एक स्वतंत्र मुलूख होता. तिथं ब्रिगस नावाच्या कोळ्यांच्या आणि दर्यावर्दी लोकांच्या गावात, वस्तीपासून दूर, समुद्राच्या अगदी काठावर एक जुनं मोडकळीला आलेलं घर त्याला मिळालं. आधी तो एकटा गेला. घर दुरुस्त केलं. मग कॅथलीन लहान लहान मुलांना घेऊन आली.

विचार करा. न्यूयॉर्कसारख्या शहरातून आलेली बाई. पाठीमागं कडा, पुढं समुद्र. समुद्र असा की त्यात बर्फाचे डोंगर तरंगत येतात. नवरा चित्र काढण्यात गढलेला. तरीही ते कुटुंब तिथं रुजू लागलं. आणि ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झालं.

केंटला जर्मन संगीताचं वेड होतं. तो जर्मन गाणी गायचा, मोठ्यानं गायचा. गावात कुजबुज सुरू झाली, हा चित्रकार म्हणजे जर्मन हेर असणार. नाहीतर इतका चांगला माणूस इतक्या लांब, अशा कड्यावर कशाला राहील? केंटचा स्वभाव तापट आणि थट्टेखोर. त्यानं आपल्या कामाच्या खोलीच्या दारावर जर्मन गरुड रंगवला आणि ‘बॉम्बचं दुकान’ अशी पाटी लिहिली. त्याला वाटलं, लोक हसतील. युद्धाच्या दिवसांत लोक हसत नाहीत. जुलै १९१५मध्ये सरकारनं त्या कुटुंबाला न्यूफाउंडलंड सोडून जायला सांगितलं. दुरुस्त केलेलं घर, लावलेला संसार सगळं मागं टाकून ते निघाले.

त्या काळातलं केंटचं एक चित्र आहे. नाव ‘हाउस ऑफ ड्रेड’, म्हणजे भयाचं घर. कड्याच्या टोकावर एक ओकंबोकं घर उभं आहे. घराच्या कोपऱ्याशी एक नग्न पुरुष मान खाली घालून टेकला आहे. वरच्या खिडकीतून एक स्त्री खाली वाकली आहे. दोघं एकाच घराची, पण एकमेकांना दिसत नाहीत. पुरुषाचं दुःख भिंतीबाहेर, बाईचं भिंतीच्या आत. उत्तरेकडच्या त्या संसाराबद्दल केंटनं पुढं बरंच लिहिलं. पण मला वाटतं, सगळ्यात खरं त्यानं या चित्रात सांगितलं.

तर हा सगळा अनुभव गाठीशी घेऊन १९१८ साली तो पुन्हा उत्तरेला निघाला. या खेपेला कॅथलीन गेली नाही. तीन मुलींना घेऊन ती न्यूयॉर्कला राहिली. थोरला मुलगा तेवढा बापाबरोबर गेला.

सिवर्डला उतरल्यावर बापलेक एक होडी घेऊन आसपासचा किनारा धुंडाळू लागले. तिथल्या खाडीला रिझरेक्शन बे म्हणतात, म्हणजे पुनरुत्थानाचा उपसागर. ईस्टरच्या सणावरून रशियन लोकांनी ठेवलेलं हे नाव. दोन्ही बाजूंना समुद्रातून सरळ वर चढत गेलेले डोंगर आणि मधूनमधून खाली उतरलेल्या हिमनद्या. एका रविवारी ते असे वल्हवत असताना समोरून एक म्हातारा आपल्या इंजिनाच्या होडीतून आला. राहायला जागा शोधतोय म्हटल्यावर म्हणाला, माझ्याबरोबर चला, दाखवतो. आणि त्यांची होडी आपल्या होडीला बांधून तो ओढत घेऊन गेला.

हा म्हातारा म्हणजे लार्स ओल्सन. मूळचा स्वीडनचा, वय एकाहत्तर. सोन्याच्या शोधात अलास्काभर फिरलेला, हाती फारसं काही न लागलेला. सिवर्डपासून सुमारे बारा मैलांवर फॉक्स आयलंड या बेटावर तो एकटा राहायचा. तिथं कातड्यासाठी कोल्हे पाळायचा आणि शेळ्या राखायचा. त्याच्या खोपटीजवळच ओंडक्यांची आणखी एक जुनी खोपटी होती. तिच्यात शेळ्या बांधत. केंटनं ती पाहिली आणि तिथंच ठरवलं, राहायचं ते इथं.

शेळ्यांचा गोठा माणसाला राहण्याजोगा करायचा तर काय काय करावं लागतं, हे केंटनं मोठ्या हौसेनं लिहिलं आहे. आधी लेंड्या उपसायच्या. जमीन साफ करायची. आत उजेड नाही, म्हणून भिंत कापून मोठी खिडकी बसवायची, कारण चित्रकाराला उजेड नसेल तर सगळं व्यर्थ. खोपटीपुढची झाडं तोडायची, म्हणजे सूर्य आत येईल. शेल्फं ठोकायची, टेबल करायचं, निजायला फळ्यांचा बाक करायचा. आणि सगळ्यात किचकट काम म्हणजे ओंडक्यांमधल्या फटी बुजवायच्या. त्यासाठी रानातलं शेवाळ गोळा करून, वाळवून ते फटींत ठासून भरावं लागतं. पण तिकडचा पाऊस थांबत नाही, मग शेवाळ वाळणार कसं?

आमच्या कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात. माझ्या लहानपणी घरच्या शाकारणीच्या दिवशी आम्हा पोरांना वर कौलं पोचवायचं काम असे. त्या एका दिवसात पोराला घर म्हणजे काय ते कळतं. घर आयतं नसतं, पावसाच्या आणि आपल्या मधोमध कुणीतरी कौल सरळ करून ठेवलेलं असतं. छोट्या रॉकवेलला ही गोष्ट आठव्या वर्षी, अख्खा महिनाभर राबून कळली.

त्या पोराचं काम लुटुपुटीचं नव्हतं. तिकडच्या हिवाळ्यात चूल विझली तर संपलंच. मोठमोठी झाडं पाडायची आणि दोघांनी दोन टोकांना धरून ओढायच्या करवतीनं त्यांचे तुकडे करायचे. ही करवत एकट्याला चालवता येत नाही. दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतंच. केंटच्या करवतीचं दुसरं टोक त्याच्या मुलाच्या हातात होतं. पाणी आणायचं, भांडी घासायची, लाकडं रचायची, यातलं जमेल तेवढं तो करायचा. ऑक्टोबरमध्ये तो नऊ वर्षांचा झाला.

सकाळी बापलेक उघड्या अंगानं बर्फात लोळून यायचे, हीच त्यांची अंघोळ. ओटची लापशी, कडधान्यं, घरी भाजलेला पाव, ओल्सनच्या शेळ्यांचं दूध असा आहार. बाप चित्र काढायला बसला की मुलगाही आपले कागद घेऊन बसे आणि कुणी कधी न पाहिलेले प्राणी काढी. शाळा नव्हती. रात्री दिव्याच्या उजेडात बाप वाचून दाखवी. रॉबिन्सन क्रूसो होता, अँडरसनच्या परीकथा होत्या.

केंटनं बेटावर नेलेल्या पुस्तकांची यादीच आपल्या पुस्तकात दिली आहे. होमर आहे, ब्लेक आहे, नीत्शे आहे. आणि त्या यादीत आपल्याकडचंही एक नाव आहे, आनंद कुमारस्वामी. भारतीय कलेवरचे त्यांचे निबंध त्या खोपटीतल्या फळीवर होते. कुमारस्वामी १९१७ सालीच बोस्टनच्या संग्रहालयात भारतीय कलाविभाग सांभाळायला रुजू झाले होते. साठ अंश उत्तरेला, बाहेर बर्फ पडत असताना, शेळ्यांच्या जुन्या गोठ्यात एक चित्रकार आपल्या शिल्पांविषयी वाचतो आहे, या कल्पनेनं मला फार बरं वाटतं. पुस्तकं कुठं कुठं जाऊन पोचतात!

याच यादीत आणखी एक पुस्तक आहे. घरगुती वैद्यकाचं. ते वाचून मात्र मन थोडं दचकतं. हा १९१८चा हिवाळा होता. इन्फ्लुएन्झाच्या साथीनं जगभर माणसं मरत होती. मुंबईत मरत होती, तशीच अलास्कातही मरत होती. तिथल्या मूळच्या रहिवाशांच्या काही वस्त्या त्या नोव्हेंबरात जवळजवळ ओस पडल्या. आणि हा बाप आपल्या मुलाला घेऊन डॉक्टरपासून बारा मैलांवर, मध्ये खवळलेला समुद्र असताना, एका वैद्यकाच्या पुस्तकाच्या भरवशावर राहिला होता. हे धाडस म्हणायचं की अविचार, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

सिवर्डला जायचं म्हणजे होडीनं जायचं. केंटजवळ होडीचं एक छोटं इंजिन होतं, पण ते ऐन वेळी दगा द्यायचं. मग वल्ही. अशाच एका फेरीत बापलेक वादळात सापडले. लाटा होडीपेक्षा उंच. केंटनं कबूल केलं आहे की तो मनातून घाबरला होता. मुलगाही आपल्या वल्ह्यावर जोर लावत होता. आणि त्या जिवावरच्या प्रसंगात मुलानं बोलायला काय काढलं असेल? सकाळी जाग आल्यावर आपण पायाची बोटं झोपली आहेत असा खेळ खेळतो, आणि सगळ्यात आधी अंगठ्याला उठवतो, कारण तो बोटांचा बाप आहे, असं तो सांगू लागला. घाबरलेल्या बापाला त्या बोलण्यानं किती बळ दिलं असेल! आपण म्हणतो, बापानं मुलाला सांभाळलं. मला तर वाटतं, त्या होडीत ते उलटंही घडत होतं.

डिसेंबरात तिथं दिवस सहा तासांचाही नसतो. त्यातही बेटावरचा उंच डोंगर ऊन अडवतो. म्हणजे चित्र काढायला उजेड थोडाच वेळ, आणि रात्र फार मोठी. अशा रात्री ओल्सन यायचा. खुर्चीत बसून जुन्या गोष्टी सांगायचा. सोन्याच्या शोधातल्या वाटा, भेटलेली माणसं, हुकलेल्या संधी. त्याला श्रोते हवे होते आणि यांना माणूस हवा होता. नाताळात बापलेकांनी खोपटी हिरव्या फांद्यांनी सजवली, झाडावर मेणबत्त्या लावल्या आणि त्याला जेवायला बोलावलं. म्हातारा स्वच्छ कपडे घालून आला. तीन माणसांचा सण. एक एकाहत्तरचा, एक छत्तीसचा, एक नऊ वर्षांचा. तिघांत मिळून एक घर झालं होतं.

ओल्सन नसता तर या खोपटीचा पत्ताच लागला नसता. दूध नसतं. समुद्र कधी शांत होईल, कधी होडी काढू नये, हे सांगणारं कुणी नसतं. निघायची घाई करणाऱ्या केंटला अडवायला तो म्हातारा होता, हीही एक सोय होती. माणसाला रानात राहायला येतं ते रानात आधी राहिलेल्या माणसामुळं.

आता त्या रोजनिशीतल्या एका गोष्टीकडं लक्ष द्या. पुस्तकभर एका गोष्टीची वाट पाहणं चालू आहे. टपालाची. वादळ असलं की आठवडेच्या आठवडे सिवर्डला जाता येत नाही. ओल्सन गेला तर तो पत्रं घेऊन येईल म्हणून बापलेक किनाऱ्याकडं डोळे लावून बसतात. पत्रं आली की सण आणि नाही आली की सुतक. एकांत हवा म्हणून हजारो मैल दूर आलेला माणूस पत्रासाठी इतका झुरतो, हे वाचताना आधी गंमत वाटते, मग गंमत वाटेनाशी होते.

पत्रं येत होती कॅथलीनची. आणि ती सुखाची नव्हती. तीन मुली, युद्धकाळातली महागाई, हाती पैसा थोडा, आणि नवरा जगाच्या टोकाला. शिवाय पुस्तकात नसलेली एक गोष्ट या पत्रांच्या मागं होती. न्यूयॉर्कमधल्या एका नर्तिकेवर केंटचं मन जडलं होतं. बेटावरून तो दोघींनाही पत्रं लिहीत होता. पुढं अभ्यासकांनी ही पत्रं वाचली, तेव्हा त्या शांत, समाधानी वाटणाऱ्या रोजनिशीमागं केवढी घालमेल होती ते जगापुढं आलं. संसार राहतो की मोडतो, हा प्रश्न त्या खोपटीत रोज रात्री दिवा मालवल्यावर जागा होत असणार.

बेटावर वर्षभर राहायचा बेत होता. पण मार्च १९१९मध्ये बापलेक निघाले. चित्रं, चित्रांचे आराखडे आणि रोजनिशीच्या वह्या घेऊन न्यूयॉर्कला परतले. त्या हिवाळ्यात केंटनं शाईनं काढलेली चित्रं तिथं मांडली गेली आणि त्याचं नाव झालं. वेडा विरागी अशा कल्पनेभोवती काढलेली एक मालिका त्यात होती. एकटा माणूस, डोंगर, तारे. बघणाऱ्यांना वाटावं, त्या बेटावर एकाच माणसाची वस्ती होती.

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. त्याची अर्पणपत्रिका मी मुद्दाम लक्षात ठेवली आहे. केंटनं ते पुस्तक फॉक्स आयलंडच्या दोघांना अर्पण केलं आहे, म्हाताऱ्या ओल्सनला आणि छोट्या रॉकवेलला. किती चांगलं केलं! दूध देणाऱ्याची आणि करवतीचं दुसरं टोक धरणाऱ्याची आठवण त्यानं ठेवली. कलावंत इतकंही करत नाहीत पुष्कळदा. पण त्या पानावर तिसरं नाव नाही. जिच्या घर सांभाळण्यामुळं हा माणूस बेटावर राहू शकला, ती तिथं नाही. ती बेटावरची नव्हती, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. रोज संध्याकाळी जिच्या पत्राची वाट पाहिली जाते, ती त्या घरातलीच असते.

मी कविता लिहितो. माझ्यासारख्या लहान कवीलाही लिहायला बसलं की दार लावून घ्यावंसं वाटतं. दाराबाहेर कुकरच्या शिट्या मोजणारं, गॅसवाल्याला पैसे देणारं, फोनवर ‘ते कामात आहेत’ असं सांगणारं कुणीतरी असतं. कविता छापून येते तेव्हा खाली एकच नाव असतं. यात कुणी कुणावर जुलूम केला असं मला म्हणायचं नाही. कविता एकाच माणसाच्या हातून उतरते, हेही खरंच. पण तो वेळ कुणी दिला, याची नोंद कुठंतरी असावी.

केंटच्या पुढच्या आयुष्याचं थोडक्यात सांगतो. १९२० साली केंट-कॅथलीनला पाचवं मूल झालं, गॉर्डन नावाचा मुलगा. पण संसार सावरला नाही. १९२५ साली दोघं विभक्त झाली. केंट मोठा चित्रकार झाला. १९३०मध्ये ‘मोबी डिक’ या कादंबरीला त्यानं काढलेली चित्रं गाजली. उत्तरेची ओढ काही गेली नाही. तो ग्रीनलंडला गेला, तिथं घर बांधून राहिला, आणि १९३४-३५ साली धाकट्या गॉर्डनलाही तिथं घेऊन गेला. थोरल्याला अलास्का, धाकट्याला ग्रीनलंड. आपल्याजवळ मुलांना देण्यासारखी सगळ्यात मोठी चीज त्याला हीच वाटत असावी.

संशयानंही त्याचा पाठलाग सोडला नाही. त्याच्या डाव्या विचारांमुळं १९५०च्या दशकात अमेरिकेच्या सरकारनं त्याला पासपोर्ट नाकारला. तो कोर्टात गेला आणि १९५८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. प्रवास करणं हा नागरिकाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असं सांगणारा तो निकाल अमेरिकेत आजही आधाराला घेतला जातो. आणि ज्या न्यूफाउंडलंडनं त्याला लेकराबाळांसह बाहेर काढलं होतं, तिथल्या प्रांतिक सरकारच्या प्रमुखांनी पुढं स्वतः आमंत्रण पाठवलं. १९६८ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी केंट तिथं जाऊन आला. ब्रिगसचं ते कड्यावरचं घर आजही उभं आहे, त्याच्या नावानं ओळखलं जातं. १९७१ साली केंट वारला.

सरकारांनी चूक दुरुस्त केली, ती अशी, पन्नासेक वर्षांनी का होईना. घरातल्या चुकांना आमंत्रणपत्र पाठवता येत नाही. ‘भयाचं घर’ या चित्रातली खिडकीत वाकलेली बाई तशीच राहिली. तिनं कुठली रोजनिशी छापली नाही. ब्रिगसचा हिवाळा तिच्या डोळ्यांनी कसा दिसला, रात्री मुलं खोकू लागली की समुद्राचा आवाज तिला कसा ऐकू येई, हे तिच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं, तर उत्तरेच्या त्या घरांची गोष्ट पुरी झाली असती. इतिहासाला बहुतेक वेळा करवतीचं एकच टोक सापडतं.

उन्हाळ्यात सिवर्डहून प्रवाशांच्या बोटी फॉक्स आयलंडकडं जातात. डोंगर तेच आहेत. गुळगुळीत गोट्यांचा किनारा तोच आहे. तिथं जाणाऱ्यांना सांगतात, इथं एक चित्रकार एकांतात राहिला होता. गोष्ट खोटी नाही. पण तुम्ही आता ती पुरी जाणता. तिथं एक म्हातारा होता, त्याच्या शेळ्या होत्या, एक लहान पोर होतं, आणि दूरच्या शहरात रात्री उशिरा पत्र लिहीत बसलेली एक आई होती. या सगळ्यांनी मिळून तो एकांत उभा केला होता. यापुढं एखाद्या कलावंताच्या, साधूच्या किंवा विचारवंताच्या एकांताची गोष्ट कानावर आली, तर ती जरूर ऐका, तिचा आनंद घ्या. फक्त शेवटी एवढं विचारा, तिथं पाणी कोण भरत होतं?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)